दिलाशाचे कंत्राट



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले, आणि जे थोडेफार वाचन झाले ते रात्रपाळीत. त्यामुळे आमंत्रण आले तेव्हा, नावात काही चूक तर झाली नाही ना, असे मी चालकांना विचारून घेतले. चूक नाही म्हणाले. तेव्हा आता जे होईल ते आपण उभयतांनी सोसायचे आहे.

माझा विषय असा आहे: लोकांची सुरक्षितता राखणे आणि ज्यांच्यावर घाला पडला त्यांना आधार देणे, ही कामे सरकार, महापालिका आणि पोलीस खाते कुणाकडून, कशी आणि कोणत्या भावाने करवून घेतात? इंग्रजीत या करवून घेण्याला एक शब्द आहे, 'कमिशनिंग'. आपल्याकडे कमिशन म्हटले की आधी दलाली आठवते. हा भाषेचा दोष नव्हे, अनुभवाचा आहे. मी आपला 'काम देणे' असा साधा शब्द वापरणार आहे. कामगार चळवळीत आमचे सगळे आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरते: काम कोण देतो, कोण करतो, आणि दोघांच्या मध्ये कोण उभा आहे? तोच प्रश्न आज मी जरा वेगळ्या दारी नेणार आहे.

मी माहुलला राहतो. माहुल म्हणजे मूळ कोळ्यांचे गाव. १९५४-५५ च्या सुमारास इथे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागून खताचा कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या टाक्या आल्या. पुढे अलीकडच्या काळात बहात्तर इमारतींची वसाहत बांधली गेली, सतरा हजारांहून अधिक खोल्यांची. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवल्या गेल्या. कारण काय? तर जलवाहिनीची सुरक्षितता. शहराच्या पिण्याच्या पाण्याला धोका नको, हे कारण खोटे नव्हते. परंतु त्या माणसांना आणून ठेवले ते माहुलला. आणि २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सांगितले की माहुल आणि आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. ८ ऑगस्ट २०१८ ला इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली, आणि दूरदूरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. २०१९ साली उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सांगितले की या लोकांना दुसरीकडे घर द्या, आणि ते जमत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे द्या. पाइपाची सुरक्षितता आणि माणसाची सुरक्षितता यांचा हिशोब एकाच शहरात दोन वेगळ्या वह्यांत लिहिला जातो, हे मला माहुलने शिकवले. म्हणून 'सुरक्षा' हा शब्द कुणी उच्चारला की मी पहिल्यांदा विचारतो, कुणाची?

आता या कामासाठी पैसा नाही, असे समजू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेरे बसवण्याची शिफारस केली. निविदा अनेकदा निघाल्या, अनेकदा फसल्या. शेवटी २०१५ साली लार्सन अँड टुब्रो कंपनीला सुमारे साडेनऊशे कोटी रुपयांचे काम मिळाले आणि शहराच्या नाक्यानाक्यांवर हजारो कॅमेरे लागले. मी कॅमेऱ्यांच्या विरुद्ध नाही. चोर सापडतात, गाडी कुठे गेली ते कळते. पण कॅमेरा पाहतो, धावत येत नाही. आणि ज्या घरात नवरा बायकोला मारतो त्या घरात तर तो नसतोच. तशीच निर्भया निधीची गोष्ट. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१३ च्या अंदाजपत्रकात केंद्राने १,००० कोटी रुपये बाजूला काढले. पहिली काही वर्षे त्यातला बराचसा पैसा पडूनच राहिला. पुढे खर्च होऊ लागला तेव्हा गाड्या, कॅमेरे, यंत्रे यांवर तो चटकन झाला. यंत्राची किंमत कागदावर लिहिता येते, खरेदीची पावती मिळते, उद्घाटनाला फीत कापता येते. एखादी समाजसेविका तीन महिने एका बाईशेजारी बसून राहिली, याची फीत कोण कापणार?

मी गेली काही वर्षे निविदांच्या जाहिराती वाचतो. कुणाला शब्दकोडी सोडवण्याचा नाद असतो, मला हा आहे. सुरक्षारक्षक पुरवण्याची निविदा वाचून पाहा. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम. आता किमान वेतन कायद्याने ठरलेले, भविष्य निर्वाह निधी ठरलेला, कामगार विमा ठरलेला. मग कंत्राटदार कमी करणार काय? तर स्वतःचे सेवाशुल्क. ते शून्यावर, नाहीतर पैशावर आणतात. शंभर माणसे पुरवायची, त्यांचा पगार करायचा, गणवेश द्यायचा, आणि स्वतः एक पैसा घ्यायचा! इतका परोपकारी माणूस आपल्या ओळखीत आहे का? निविदा उघडणाऱ्या साहेबाला हे कळत नाही असे नव्हे. पण सर्वांत कमी आकडा निवडला की त्याच्यावर कुणी ठपका ठेवू शकत नाही. दुसरा निवडला तर चौकशी. म्हणून तो शहाणा माणूस डोळे मिटतो. आणि मग तो परोपकारी गृहस्थ आपले पैसे कुठून काढतो, ते आमच्याकडे येणारे रक्षक सांगतात. गणवेशाची अनामत कापली जाते. आठ तासांच्या हजेरीवर बारा तास उभे केले जाते. पगार बँकेत जमा होतो आणि एटीएमचे कार्ड सुपरवायझरच्या खिशात असते. असा रक्षक रात्री दोन वाजता वसाहतीच्या जिन्यात किंचाळी ऐकून धावत जाईल, ही अपेक्षा करणारा मनुष्य मला भाबडा वाटतो. तो बिचारा बारावा तास उभ्याने काढत असतो.

महाराष्ट्राला या रोगावरचे औषध ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचे ते फळ. हमालाला मालक नसतो, आज या पेढीवर, उद्या त्या. म्हणून मंडळ नेमायचे, मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, निधी, रजा, औषधपाणी द्यायचे. मधला मुकादम गेला. हीच कल्पना १९८१ च्या खाजगी सुरक्षारक्षक कायद्यात आली आणि बृहन्मुंबई व ठाण्यासाठी सुरक्षारक्षक मंडळ निघाले. ज्याला रक्षक हवा त्याने मंडळाकडे नोंदणी करायची. मंडळाचा कारभार आदर्श आहे असे म्हणणारा मनुष्य तुम्हाला आमच्या कचेरीत तरी भेटणार नाही. परंतु त्यातले तत्त्व पाहा: काम देणारा बदलला, जागा बदलली, तरी माणूस, त्याची नोकरी आणि त्याचा अनुभव टिकतो. हे तत्त्व मनात ठेवा, कारण आता मी रक्षकांकडून अत्याचारग्रस्तांच्या मदतीकडे वळणार आहे, आणि तिथे ते पुन्हा लागणार आहे.

वळण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. ती दिल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक सभासद होता. कामाला वाघ, संपात पुढे, वर्गणीत एक दिवस उशीर नाही. एका संध्याकाळी त्याची बायको लहान मुलीला कडेवर घेऊन कचेरीत आली. ओठ सुजलेला. मी तिला बसवले, चहा सांगितला, आणि म्हणालो, "वहिनी, घरातली गोष्ट आहे. तुम्ही काळजी करू नका. मी त्याला समजावतो." दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून चांगला झापला. त्याने मान खाली घातली. मला वाटले, प्रश्न सुटला. व्यवस्थापनाशी इतकी बोलणी करणारा मी, एवढे काय अवघड? आठ दिवसांनी कळले, वहिनींचा हात मोडला आहे. युनियनच्या कचेरीत जाऊन माझी अब्रू घालवलीस, हे कारण. मी रुग्णालयात गेलो. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्यांना सांगितलंत. पण मला काय पाहिजे, ते मला विचारलंतच नाही."

त्यांना काय हवे होते? चार दिवस मुलीसह राहायला सुरक्षित जागा, आणि मारहाणीची नोंद कुठे करायची याची माहिती. दोन्ही गोष्टी याच शहरात होत्या. मला त्यांचा पत्ता नव्हता. वेतनकराराची कलमे तोंडपाठ असणाऱ्या माणसाला तो नव्हता!

तो पत्ता असा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या शेजारच्या देवनारच्या संस्थेने, मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरीत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना तेव्हा नवलाची होती. पोलिसांच्या आवारात टेबल मांडून प्रशिक्षित समाजसेविका बसणार. त्या पोलीस नव्हेत, पण पोलिसांच्या शेजारी. बाई आली की तिची हकिकत ऐकून घ्यायची. तिला काय हवे ते विचारायचे. नवऱ्याला बोलवायचे तर तिच्या संमतीने. स्त्रीधन परत मिळवायचे असेल तर बरोबर जायचे, फिर्याद द्यायची असेल तर ती नीट लिहिली जाते की नाही ते पाहायचे. समेट घडवणे हे उद्दिष्ट नाही. हिंसा थांबणे हे उद्दिष्ट. जागा पोलिसांची असल्यामुळे नवरा बोलावणे टाळत नाही, आणि समोर वर्दी नसल्यामुळे बाई बोलते. एवढी साधी युक्ती. पण ती कागदावर मांडून निविदेतून विकत घेता आली नसती. ती आधी कुणीतरी करून पाहावी लागली. जवळजवळ वीस वर्षे ती अशी करून पाहिल्यावर २००५ साली राज्याच्या महिला व बालविकास खात्याने ती उचलली, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले.

दुसरे उदाहरण महापालिकेचे. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असे नाही, पण टाके घालायला दवाखान्यात जाते. तिथे ती म्हणते, जिन्यावरून पडले. डॉक्टरही जिन्यावरून पडल्याचेच औषध देतात. हे ओळखून २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र काढले. केंद्र रुग्णालयाच्याच एका विभागासारखे. बाई तिथे गेली तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती दवाखान्यातच गेली. परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवले की जखम पाहून प्रश्न कसा विचारावा. २००६ पासून महापालिकेने ते स्वतःच्या अंगावर घेतले, कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही केंद्र झाले आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून शहरातल्या आणखी रुग्णालयांत.

या दोन्ही उदाहरणांत आधी कुणीतरी संस्था, थोड्या अनुदानावर आणि पुष्कळशा जिद्दीवर, काम उभे करते. चालते असे दिसले की सरकार ते मान्य करते. इथवर उत्तम. पण मान्य करताना सरकार इमारत घेते, नाव घेते, फलक घेते. माणूस मात्र कंत्राटावर घेते. ११ महिन्यांचा आदेश, मानधन, आणि ते मानधनही निधी आला की. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१५ पासून 'वन स्टॉप सेंटर', म्हणजे सखी केंद्रे सुरू केली. एका छपराखाली औषध, वकील, पोलीस, निवारा आणि समुपदेशन. कल्पनेला नावे ठेवायला जागा नाही. पण तिथल्या केसवर्करला तुम्ही पगार विचाराल आणि वर्षअखेर आपण इथे असू का असे विचाराल, तर ती हसते. १९९० नंतर गिरण्यांच्या, गोद्यांच्या, सफाईच्या कामात आम्ही जे पाहिले, तेच आता दिलाशाच्या कामात आले आहे.

कुणी म्हणेल, हा तुमचा युनियनवाल्यांचा नेहमीचा सूर. कायम करा, कायम करा! आरोप मान्य. पण इथे प्रश्न कामगाराचा जितका आहे तितकाच त्या बाईचा आहे. दोन वर्षांपूर्वी कंत्राटी सफाईचे काम करणारी एक बाई माझ्याकडे आली. तिला मी एका समुपदेशन केंद्रात पाठवले. या वेळी पत्ता माझ्याकडे होता. पहिल्या भेटीत ती निम्मे बोलली. दुसऱ्या भेटीत आणखी थोडे. जे सगळ्यांत अवघड होते, ते तिने तिसऱ्या भेटीसाठी ठेवले होते. तिसऱ्या वेळी गेली, तर खुर्चीवर दुसरीच मुलगी. आधीची मुदत संपली, नवे कंत्राट नव्या संस्थेला. नवी मुलगी वाईट नव्हती. तिने नम्रपणे कोरा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाली, "ताई, पहिल्यापासून सांगा." बाई उठून आली. मला म्हणाली, "दादा, ते काय गाऱ्हाणं आहे का, दर वर्षी नव्या साहेबाला सांगायला?"

केंद्राच्या त्या महिन्याच्या अहवालात एक नवी नोंद वाढली असेल. कारण संस्थेला पैसे मिळतात ते किती बायका आल्या या आकड्यावर. किती जणी निघून गेल्या, याला रकाना नसतो. इथे मला निविदेच्या कागदाविषयी थोडे अधिक बोलायचे आहे. सेवा पुरवणारी संस्था निवडताना मागील तीन वर्षांची उलाढाल मागतात, अनामत रक्कम मागतात, लेखापरीक्षणाचे अहवाल मागतात. हिशोब मागणे रास्तच आहे. पण वस्तीत वीस वर्षे काम करणाऱ्या चार बायकांच्या मंडळाची उलाढाल ती काय असणार? त्या पहिल्याच पानावर बाद होतात. आणि जी संस्था टिकते ती काल टायपिस्ट पुरवत होती, आज समुपदेशक पुरवते. तिच्या लेखी दोन्ही 'मनुष्यबळ'च. रंग, सिमेंट आणि सहानुभूती एकाच नमुन्यातल्या अर्जावर मागवली, तर मिळणारी सहानुभूतीही गोण्यांत भरूनच येणार.

इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे म्हणून सांगतो. तिथे १९७४ साली ब्रिस्टल शहरात काही नागरिकांनी गुन्ह्याला बळी पडलेल्यांना भेटायला जाण्याची योजना काढली. चोरी झालेल्या घरी शेजारी जाऊन बसावे, इतके साधे. तिच्यातून देशभर 'व्हिक्टिम सपोर्ट' ही संस्था वाढली. २०१२ साली इंग्लंडात आणि वेल्समध्ये पोलीस आयुक्त मतदानाने निवडण्याची पद्धत आली, आणि थोड्याच वर्षांत बळींच्या मदतीचे काम कुणाला द्यायचे तेही बरेचसे तेच ठरवू लागले. कुठे जुनी संस्था राहिली, कुठे नवी आली. ती पद्धत फार यशस्वी ठरली असेही नाही. ती पदे मोडीत काढण्याचे तिथल्या सरकारने २०२५ साली जाहीर केले. पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. तिथे १९८१ पासून एक नियम आहे की एखादी सेवा एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे गेली, तर त्या सेवेतले कामगार आपल्या नोकरीसह आणि शर्तींसह नव्याकडे जातात. फलक बदलतो, खुर्चीवरची बाई तीच राहते. मघाशी मनात ठेवा म्हणालो ते माथाडी मंडळाचे तत्त्व आठवते ना? त्या नियमाच्याही बारा वर्षे आधी ते आपल्याकडे हमालांसाठी कायद्यात आले होते. हमालाला जे दिले ते समुपदेशकाला देताना आपली जीभ का अडखळते, हे मला कळलेले नाही.

आता पैशाच्या मदतीविषयी थोडक्यात. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७अ हे कलम आले आणि ते २००९ च्या अखेरीस अमलात आले. बळींना भरपाई देण्याची योजना प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते. नव्या संहितेतही, १ जुलै २०२४ पासून, ती तरतूद कायम आहे. महाराष्ट्राने २०१३ च्या ऑक्टोबरात 'मनोधैर्य' योजना आणली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी. आरंभी २ लाख, विशेष प्रकरणी ३ लाख. पुढे मर्यादा १० लाखांपर्यंत गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आले. रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. योजनेचे नाव ज्याने ठेवले त्याला मी मनापासून दाद देतो. पण मनाचे धैर्य मुदत ठेवीवर वाढत नाही. अर्ज कुणी लिहायचा, पोलीस ठाण्यातून कागद कुणी आणायचा, बँकेत खाते उघडताना बाप शेजारी उभा असेल आणि अत्याचार करणारा चुलता असेल तर काय, हे सगळे पुन्हा त्याच ११ महिन्यांच्या मुलीवर येऊन पडते. योजना कितीही मोठी काढा, तिचा शेवटचा टप्पा कुणीतरी पायी चालायचा असतो.

आणि माहुलसारख्या ठिकाणी ते चालणे किती, हेही पाहिले पाहिजे. जुन्या वस्तीत बाई मार खात असली तर पलीकडच्या दारातली मावशी भांडे आपटून तरी निषेध करी. भिंतीला भिंत होती. इमारतीत आणून टाकल्यावर घरे चिठ्ठीने वाटली गेली; घाटकोपरची एक, विद्याविहारची दुसरी, कुर्ल्याची तिसरी. मजल्यावर कुणी कुणाला ओळखत नाही. बंद पडलेली लिफ्ट आणि अंधारातला जिना ही बायकांच्या सुरक्षिततेची पहिली बाब आहे, पण ती देखभाल खात्याच्या निविदेत मोडते, सुरक्षा खात्याच्या नव्हे. त्या दोन खात्यांचे साहेब एका टेबलाशी बसलेले मी अजून पाहिले नाहीत. पुनर्वसन करताना जुने शेजार एकत्र ठेवले असते, तर एक पैचाही खर्च न करता सुरक्षिततेचे निम्मे काम झाले असते. त्याला मात्र टेंडर निघाले नसते, हीच अडचण असावी.

मग करावे काय? मी सरकारने सगळे स्वतःच करावे असे म्हणणाऱ्यांतला नाही. पोलीस ठाण्यातल्या टेबलामागे पोलिसाची चाकर नसलेली बाई बसते, हेच त्या कक्षाचे बळ आहे. संस्था हव्यात, त्यांना सरकारच्या विरुद्ध बोलण्याची मोकळीक हवी. पण काम देताना दराची चढाओढ लावू नये. दर सरकारने ठरवून जाहीर करावा, पगार नियमित कर्मचाऱ्याच्या तोडीचा धरावा, आणि संस्थांनी चढाओढ करायची ती कामाच्या गुणावर करावी. मुदत एक वर्षाची नको, निदान पाच वर्षांची हवी. खटले त्याहून लांबतात. संस्था बदलली तरी काम करणाऱ्या माणसांना पुढे घेण्याची अट करारातच असावी. समुपदेशकांचे एक मंडळ करता येईल का, सुरक्षारक्षकांच्या मंडळासारखे, यावर आमच्यात मतभेद आहेत. त्या बायकांचीच सभा बोलवून त्यांना विचारावे असे मी सुचवले आहे, कारण न विचारता ठरवण्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे. आणि अहवालात एक रकाना वाढवावा: मध्येच येणे सोडलेल्या किती, आणि का.

यांतली एकही गोष्ट महाग नाही. साडेनऊशे कोटींच्या शेजारी ती ठेवून पाहा.

मघाशी सांगितलेल्या सफाईच्या बाईची हकिकत अर्धी राहिली. तिसऱ्या भेटीतून ती उठून आली आणि दोन महिने कुठेच गेली नाही. मग एक दिवस येऊन तिने विचारले, "दादा, ती पहिली मॅडम कुठं असते हो आता?" शोध घेतला. सहा वर्षे बायकांच्या हकिकती ऐकून तयार झालेली ती मुलगी आता विम्याच्या एका कचेरीत फोनवर लोकांना हप्त्याची आठवण करून देते. पगार तिथे जास्त आहे आणि महिन्याच्या महिन्याला होतो. तिला निरोप दिला. ती म्हणाली, रविवारी येईन.

गेल्या वर्षभरापासून त्या दोघी दर रविवारी आमच्या युनियनच्या कचेरीत, मागच्या खोलीत बसतात. मी त्या वेळात बाहेर जातो. आता आणखी तिघीजणी येऊ लागल्या आहेत. बाकडे आमचे आहे, पंखा आमचा आहे. चहाचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, ते आमच्या खजिनदारांनी अजून ठरवलेले नाही.